घरच्या भंगारातून सायकल दुरुस्तीची घोडी



आपल्या दारात आज मोटारसायकल आली असली, तरी सायकल काही गेलेली नाही. डेअरीवर दूध घालायला, पिठाची गिरणी करायला, मळ्यात मोटार सुरू करायला आणि पोरींना शाळेत जायला अजून तीच उपयोगी पडते. पण बैलाच्या खुराकडे जसे आपले लक्ष असते, तसे सायकलीच्या ब्रेककडे असते का? नसते. बिघाड झाला की आपण ती अंगणात उलटी करतो, हँडल आणि सीट मातीत टेकवतो आणि पान्याने कुठेतरी दोन फेरे मारतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. धाकट्या भावाने असेच सायकल उलटी करून मागचे चाक काढले, पंक्चर जोडले, चाक बसवले. सायकल सरळ केल्यावर ब्रेक दाबून पाहायचे राहून गेले. सळईच्या ब्रेकचा एक रबर तिरपा झाला होता. पहाटे ओढ्याच्या उताराला ते ध्यानात आले. वीस लिटर दूध रस्त्यावर गेले आणि भावाचा हात दीड महिना गळ्यात अडकवावा लागला. चूक कोणाची? आमचीच. तेव्हापासून आमच्या अंगणात सायकल दुरुस्तीची घोडी उभी आहे. ती कशी करायची, ते या पत्रकात सांगत आहोत.

सायकल उलटी का करू नये?

साध्या काळ्या सायकलीचे ब्रेक सळईचे असतात आणि त्या सळया हँडलखालूनच जातात. सायकल उलटी केली की सारा भार हँडलवर येतो, सळया वाकतात, घंटी मोडते, मुठीत माती जाते. शिवाय ब्रेकची मूठ जमिनीलगत राहते, म्हणून ती दाबून चाक थांबते की नाही हे नीट पाहता येत नाही. नेमकी जी गोष्ट तपासायची, तीच राहून जाते.

सायकल सरळ उभी, पण दोन्ही चाके जमिनीपासून उचललेली, अशी हवी. मग पायडल फिरवता येते, ब्रेक दाबता येतो, चाक डोळ्यांसमोर फिरते. घोडीचे काम एवढेच.

पहिला प्रकार : दोराची टांगणी

याला खर्च नाही. गोठ्याच्या मजबूत तुळईला किंवा लिंबाच्या जाड फांदीला दोन दोर बांधा. दोरांच्या टोकांना तीन सुती सळईचे आकडे करून लावा. आकड्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, म्हणजे रंग खरवडत नाही. एक आकडा सीटच्या मागच्या बाजूला, दुसरा हँडलच्या मानेला. चाके जमिनीपासून एक वीत वर राहिली तरी पुरे. पाटावर बसून काम होते. मुलींच्या सायकलीला वरचा आडवा पाइप नसतो, तिलाही ही टांगणी चालते.

वाळवी लागलेल्या वाशाला मात्र सायकल टांगू नका. साधी सायकल २० किलोच्या आसपास भरते, आणि पाना ओढताना त्यावर आपलाही जोर पडतो.

दुसरा प्रकार : मेढींची घोडी

बाभळीच्या किंवा लिंबाच्या सहा फूट लांबीच्या, वर बेचके असलेल्या दोन मेढी घ्या. पहारीने दीड फुटाचे खड्डे काढून, एकमेकींपासून साडेतीन फुटांवर त्या गाडा. दगड-माती घालून चांगल्या ठोका. जमिनीत जाणाऱ्या भागाला जळके ऑइल लावले तर वाळवी लवकर धरत नाही. आता पंपाच्या जुन्या पाइपाचा एक इंची, साडेचार फुटांचा तुकडा घ्या. तो सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकाखालून आडवा घाला आणि दोघांनी दोन टोके धरून मेढींच्या बेचक्यांत ठेवा. सायकल सीटच्या टोकावर टांगलेली राहते. पुढचे चाक वळू नये म्हणून सुतळीने फ्रेमला बांधा.

आधी सीटचा नट घट्ट आहे ना, ते पाहा. ढिला असेल तर सीट कलंडते आणि सायकल खाली येते.

तिसरा प्रकार : पकडीची लोखंडी घोडी

दोन-चार घरांत मिळून ही घोडी करायला हरकत नाही. यासाठी दीड इंची जुना पाइप सात फूट, एक इंची पाइप एक फूट, जुन्या नांगराच्या किंवा ट्रॉलीच्या लोखंडातून ५ बाय ३ इंचांची एक जाड प्लेट, बाभळीचे तेवढ्याच मापाचे दीड इंच जाडीचे दोन ठोकळे, लांब बोल्ट आणि जुनी ट्यूब एवढे साहित्य लागते. बहुतेक सारे घरी किंवा भंगारवाल्याकडे मिळते. वेल्डिंगची मजुरी तेवढी द्यावी लागेल.

उभा पाइप दोन फूट जमिनीत गाडा. जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक फुटाचा आडवा हात जोडा आणि हाताच्या टोकाला प्लेट वेल्ड करून घ्या. हात एक फुटाचाच का? तो आखूड केला तर अलीकडचे पायडल खांबाला आपटते. फार लांब केला तर खांबावर ताण येतो.

पकड अशी करा. दोन ठोकळ्यांमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून ते एकत्र आवळा. बरोबर सांध्यावर, सीटखालच्या पाइपाच्या जाडीचे भोक उभे पाडा. मग पुठ्ठा काढून टाका. आता बोल्ट आवळला की दोन्ही ठोकळे पाइपाला घट्ट धरतात. मधली फट राहिली नाही, तर ठोकळे एकमेकांना टेकतील आणि पाइप आत फिरत राहील. खाचेत ट्यूबचा तुकडा चिकटवा. एक ठोकळा प्लेटला कायमचा बसवा, दुसरा दोन बोल्टांनी उघडता-मिटता येईल असा ठेवा.

पकड सीटखालच्या पाइपालाच लावा. सीट चार बोटे वर घ्या, पण पाइपाचा निदान अडीच इंच भाग फ्रेममध्ये राहिलाच पाहिजे. आधीच्या उंचीवर खडूने खूण करा, म्हणजे काम झाल्यावर सीट पुन्हा तिथेच बसवता येते.

येथे तीन चुका होतात

पहिली चूक आट्यांची. आडवा हात आट्यांच्या सांध्याने बसवला आणि तसाच सोडला, तर पुढच्या चाकाच्या आणि हँडलच्या वजनाने तो हळूहळू फिरतो. सांध्यातून आरपार भोक पाडून एक बोल्ट घाला.

दुसरी चूक बैठकीची. खांब गाडायचा नसेल, तर जीपच्या जुन्या चाकाच्या डिस्कमध्ये काँक्रीट भरून बैठक करतात. डिस्कचे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर धरा ८ इंच. आपला हात १२ इंच. म्हणजे सायकल बैठकीच्या कडेबाहेर ४ इंच लोंबते. २० किलोला ४ ने गुणा, ८० आले. बैठकीचे वजन १० किलो असेल, तर १० गुणिले ८ म्हणजेही ८०. तराजू नुसता जुळला. वरून हाताचा थोडा भार पडला की घोडी आडवी! म्हणून बैठक निदान ४० किलोची करा. नाहीतर सायकल ज्या बाजूला टांगायची, त्या बाजूला दीड फुटाचा लोखंडी पाय जोडा. अंगणात जागा असेल तर गाडलेला खांबच सर्वांत बरा.

तिसरी चूक वेल्डिंगची. पंपाच्या पाइपावर जस्ताचा थर असतो. तो वेल्डिंगमध्ये जळाला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. सांध्याजवळचे जस्त आधी कानशीने घासून काढा आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा.

घोडी झाली की लगेच सायकल टांगू नका. आधी सायकलीच्या दुप्पट, म्हणजे ४० किलोचे पोते हाताला अडकवून रात्रभर ठेवा. सकाळी खांब कलला नसेल आणि हात झुकला नसेल, तर घोडी पास झाली.

मोडक्या सायकलीचा उरलेला भाग

पुष्कळ शेतकरी जुन्या सायकलीचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन सायकल कोळपे करतात. फार चांगले करतात. पण मग मागचा सांगाडा आणि चिमटा तसाच गंजत पडतो. तो फेकू नका. चिमटा उलटा करून, म्हणजे पाय वर येतील असा, खांबाला घट्ट बांधा. चाकाचा औट काढायची घोडी तयार झाली. मागच्या चाकाचा हब रुंद असतो, त्याला मागचा सांगाडा वापरा.

चाक त्यात बसवून फिरवा. रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा बांधा. रिम जिथे खिळ्याला घासते, तिथे औट आहे. रिम उजवीकडे आली असेल, तर त्या ठिकाणी डाव्या बाजूच्या आऱ्याचे निपल पाव फेरा आवळा आणि उजव्या बाजूचे पाव फेरा सोडा. एका वेळी पाव फेराच. पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. एकावर सारा जोर काढाल, तर औट दुसरीकडे जाईल. घाई नको.

घोडीवर काय करू नये?

पायडलच्या कॉटर पिनवर घोडीवर हातोडा मारू नका. घोडी हलते, आणि घाव आतल्या छर्ऱ्यांना आणि वाट्यांना बसतो. ते काम सायकल जमिनीवर ठेवून, क्रँकखाली लाकडाचा भक्कम टेकू देऊनच करावे. चाक फिरत असताना साखळीला फडके लावू नका, आणि लहान मुलांना पायडल फिरवू देऊ नका. बोट साखळीत गेले तर पाना कामाला येत नाही.

पंधरा दिवसांनी एकदा

बाजाराच्या आदल्या दिवशी सायकल घोडीवर चढवा आणि एवढे पाहा :

१. चाक फिरवा, ब्रेक दाबा. दोन्ही रबर रिमला सारखे टेकतात का?

२. चाक डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखड वाजत असेल तर कोन आवळा, पण चाक मोकळे फिरले पाहिजे.

३. साखळी मधोमध दाबा. साधारण अर्धा इंच खाली गेली तर ठीक.

४. दोन्ही चाकांचे नट आणि कॅरेजचे बोल्ट पाहा. दुधाचे कॅन त्याच कॅरेजवर असतात.

५. साखळीला दोन थेंब तेल द्या. रिमला मात्र तेल लागू देऊ नका, ब्रेक धरत नाही.

या सगळ्याला पाव तासाहून जास्त वेळ लागत नाही. घरातल्या मुलीलाही हे शिकवा. शाळेच्या वाटेवर उतार तिलाच उतरायचा असतो, तेव्हा ब्रेक लागतो की नाही हे तिला स्वतःच्या हाताने पाहता आले पाहिजे.

आणि शेवटची खूणगाठ : घोडीवरून सायकल उतरवली की तिच्यावर बसण्याआधी दोन पावले ढकला आणि दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा. आमच्या घरी तेवढेच राहून गेले होते.