दोन-तीस म्हणजे किती?

बँकेतून पैसे काढावयाची चिठ्ठी आपण सर्वांनीच कधी ना कधी भरली आहे. तीत रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. तारीख राहिली, सही जुळली नाही, की खिडकीमागचा कारकून चिठ्ठी तशीच परत सरकवतो. त्या वेळी आपल्याला त्याचा राग येतो. परंतु त्याने डोळे मिटून ती घेतली असती तर नुकसान कोणाचे झाले असते? आपलेच! संगणकाच्या प्रोग्रॅमलाही असा एक कारकून दारात बसवावा लागतो. तो कसा बसवावयाचा, हे आज आपण पाहू या.

मोबाईलवर आपण चित्रावर बोट ठेवतो आणि काम होते. पण संगणकाला काम सांगण्याची याहून जुनी एक रीत आहे. ती म्हणजे आज्ञा टाइप करण्याची. पडद्यावर चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ लिहावयाची आणि एंटर दाबावयाचे. या ओळीला कमांड लाईन म्हणतात. ओळीत प्रथम प्रोग्रॅमचे नाव येते आणि पुढे आपल्या सूचना येतात. त्यांना ऑप्शन म्हणतात. बहुधा ऑप्शनच्या नावापूर्वी दोन आडव्या रेघा असतात. उदाहरणार्थ:

बियाणे --पीक सोयाबीन --क्षेत्र २.३०

ही ओळ मी कल्पनेने लिहिलेली नाही. मी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकवतो, पण शेती गावाकडे आहे आणि ती आमचे तात्या पाहतात. बियाणे किती लागेल ते सांगणारा हा छोटा प्रोग्रॅम मी त्यांच्यासाठीच लिहिला. सोयाबीनला एकरी ३० किलो बी धरले होते. तात्यांनी फोनवर सांगितले, "लिही, दोन-तीस." मी २.३० लिहिले. उत्तर आले ६९ किलो. तेवढे बी आणले, पाऊस झाला, पेरणी सुरू झाली आणि दुपारी तात्यांचा फोन आला, "काय रे, तुझ्या मशिनीनं तर बी कमी दिलं!"

चूक कोठे झाली, हे शेतकरी वाचकांच्या एव्हाना ध्यानात आले असेल. तात्यांचे दोन-तीस म्हणजे दोन एकर तीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. क्षेत्र पावणेतीन एकर झाले आणि बी हवे होते साडेब्याऐंशी किलो. प्रोग्रॅमने २.३० ही दशांशातली संख्या मानली, म्हणजे सव्वादोनाहून थोडेसे जास्त. साडेतेरा किलो बी कमी पडले आणि अठरा गुंठे रान तसेच राहिले. पुन्हा बी आणीपर्यंत वाफसा गेला. चूक तात्यांची नव्हती, यंत्राचीही नव्हती. ती माझी होती. मी दारात कारकून बसवलाच नव्हता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण ओळीत जे टाइप करतो, ते प्रोग्रॅमला आधी नुसती अक्षरे म्हणूनच मिळते. 'सोयाबीन' ही जशी अक्षरे, तशीच '२.३०' हीसुद्धा अक्षरेच. त्यांतली संख्या कोणती, नाव कोणते, तारीख कोणती, हे प्रोग्रॅम लिहिणाराने अगोदर ठरवून द्यावे लागते. यालाच ऑप्शनचा प्रकार ठरवणे म्हणतात.

पायथॉन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा १९९१ पासून प्रचारात आहे. तिच्यात या कामासाठी आर्गपार्स नावाचा तयार भाग २०१० पासून मिळतो. प्रत्येक ऑप्शनचे नाव, प्रकार, चालणाऱ्या किमतींची यादी आणि तो आवश्यक आहे की नाही, एवढे त्याला सांगून ठेवावयाचे. पुढची तपासणी तो करतो. गंमत अशी, की पायथॉनला आपले देवनागरी आकडेही समजतात. '२३' असे लिहिले तरी तो त्याची संख्या बरोबर करतो.

मग मी काय दुरुस्ती केली? 'क्षेत्र' हा ऑप्शन काढून टाकला आणि त्याच्या जागी दोन केले, --एकर आणि --गुंठे. दोन्हींचा प्रकार पूर्ण संख्या. आता कोणी एकरापुढे २.३० लिहिले, तर ती पूर्ण संख्या नाही म्हणून ओळ तेथेच परत येते. गुंठे ० ते ३९ याच मर्यादेत असले पाहिजेत. ४५ लिहिले तर तेही परत. नावातच एकर आणि गुंठे आल्यामुळे परिमाणाचा घोळही टळला. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. तेथे शंभर आरांचा हेक्टर असल्यामुळे दशांश चालतो, आणि आमचे हेच रान सुमारे १.११ हेक्टर भरते. हा आकडा कोणी एकर म्हणून दिला तर? संख्या निर्दोष, अर्थ मात्र चुकीचा! १९९९ साली अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान अशाच घोळात नष्ट झाले. एका प्रोग्रॅमने आकडे पौंडांच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातले समजून घेतले.

आकडे दिसले की ती संख्याच, असेही मानू नये. आपला पिन कोड घ्या. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ४३१००१ हा आमच्या शहराचा पिन. दोन पिनांची बेरीज कोणी करीत नाही. ती आकड्यांत लिहिलेली खूण आहे. म्हणून तिचा प्रकार अक्षरे ठेवावा आणि तपासणी अशी करावी: अंक बरोबर सहा, पहिला अंक शून्य नसावा. गट क्रमांक ४५/२ याचेही तसेच. त्याला संख्या समजून भागाकार केला, तर शेताचा पत्ताच हरवेल.

काही ठिकाणी यादी देणेच बरे. पिकांची यादी दिली की 'सोयबीन' अशी चूक दारातच अडते. मात्र यादी वेळोवेळी पाहावी लागते. २०२३ साली आमच्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. ज्या यादीत फक्त 'औरंगाबाद' आहे, ती आजचे नाव बरोबर असूनही नाकारील. आणि जुने नाव काढून टाकले, तर जुन्या कागदांवरची नोंद अडेल. अशा वेळी दोन्ही नावे घ्यावीत आणि आत एकच मानावे.

होय-नाहीच्या ऑप्शनमध्ये तर एक खड्डाच आहे. पायथॉनमध्ये त्याला सत्य-असत्य हा प्रकार सरळ लावला, तर कोणतेही लिहिलेले अक्षर 'सत्य' ठरते. --ठिबक नाही असे लिहिले, तरी प्रोग्रॅम समजतो की ठिबक आहे! म्हणून 'होय' आणि 'नाही' अशी दोनच शब्दांची यादी द्यावी आणि त्यांचा अर्थ आपण स्वतः लावावा.

शेवटची तपासणी ऑप्शन एकमेकांशी जुळतात की नाही याची. हरभरा यादीत आहे, खरीपही यादीत आहे. पण हरभरा रब्बीचे पीक! हे आर्गपार्सला आपण होऊन कळणार नाही. तो नियम प्रोग्रॅममध्ये वेगळा लिहावा लागतो.

आणि नाकारावयाचे तर कारण सांगून नाकारावे. 'चूक आहे' एवढेच म्हणणारा कारकून कोणाला आवडेल? 'गुंठे ० ते ३९ असावेत, आपण ४५ दिले' असे सांगितले, की माणूस लगेच दुरुस्ती करतो. कारण सांगून झाले, की आर्गपार्स प्रोग्रॅम थांबवतो आणि मागे २ हा आकडा ठेवतो. शून्य म्हणजे काम नीट झाले, अशी पद्धत आहे. त्यामुळे पुढचा प्रोग्रॅमही चुकीच्या उत्तरावर काम करीत बसत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. यासाठी वर्गात संगणक असलाच पाहिजे असे नाही. शाळेचा प्रवेश-अर्ज फळ्यावर लिहा आणि मुलांना प्रत्येक रकान्याबद्दल विचारा: येथे काय येईल, संख्या की अक्षरे? कोठपासून कोठपर्यंत? रिकामा सोडला तर चालेल का? कोणत्या दोन रकान्यांचा मेळ बसला पाहिजे? मुले जन्मतारीख आणि इयत्ता यांची जोडी आपण होऊन काढतील.

आमच्याकडे यंदाही सोयाबीनच आहे. परवा तात्यांनी स्वतः ओळ लिहिली आणि सवयीने एकरापुढे २.३० टाकले. प्रोग्रॅमने ती परत केली. तात्या हसून म्हणाले, "आता कसं, विचारायला लागली की तुझी मशीन!"