सांठा आणि ओघ

राहणीचें मान हा शब्द आज घरोघरीं ऐकूं येतो. अमक्याचें राहणीमान उंचावलें, तमक्याचें खालावलें, असें आपण सहज बोलतों. आणि उंच म्हणजे काय हें पाहूं गेलें असतां बहुधा घरांतील वस्तू मोजूं लागतों. वडील माणसें पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवितात तीहि पुष्कळदां याच आशेनें. या मोजदादीलाच हरकत घेणारा एक गृहस्थ आपल्या देशांत होऊन गेला, आणि मौज अशी कीं तो धंद्यानें हिशेबतपासनीस होता.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजीं, मराठी वाचकांस भोसले राजांमुळें परिचित असलेल्या तंजावर येथें, एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. लंडनमध्यें ते हिशेबतपासणी शिकले; मुंबईंत त्यांनीं तो धंदा केला; आणि पुढें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास करीत असतां सरकारी जमाखर्चाचा व येथील दारिद्र्याचा संबंध त्यांच्या ध्यानीं आला. त्या विषयावरील आपला निबंध घेऊन १९२९ सालीं ते साबरमतीस गांधीजींस भेटले. रेशमी सूट घातलेले कुमारप्पा शेणानें सारवलेल्या जमिनीवर तसेच बसले, अशी हकीकत सांगतात. मुंबईचा धंदा त्यानंतर सुटला तो सुटलाच. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां त्याचें चिटणीसपद पत्करून ते वर्ध्यास मगनवाडींत राहावयास आले. १९४२ च्या चळवळीनंतर त्यांस तुरुंगवास घडला. त्या वेळीं त्यांनीं दोन पुस्तकें लिहिलीं. एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर आहे. दुसरें ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे चिरस्थायी अर्थव्यवस्था. हें दुसरें पुस्तक १९४५ सालीं गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालें.

त्यांतील मुख्य विचार समजण्यास सोपा आहे. भरलेल्या हौदांतून पाणी काढीत गेलें तर तो एके दिवशीं कोरडा पडतो; वाहत्या झऱ्याचें पाणी येत असेल तितकेंच घेतलें तर तें कित्येक पिढ्यांस पुरतें. दगडी कोळसा, खनिज तेल, धातूंचे दगड हा पृथ्वीच्या पोटांतील सांठा होय. तो वाढत नाहीं, वापरला कीं संपतो. धान्य, कापूस, जंगलांतील लांकूड हा ओघ होय. मात्र जंगल जितकें वाढतें त्याहून अधिक तोडलें, तर तेंहि सांठाच बनतें. ज्या समाजाचें जीवन सांठ्यावर उभें आहे, त्यास तो आटूं लागतांच शेजाऱ्याच्या सांठ्याकडे पाहावें लागतें. खनिज तेलापायीं राष्ट्राराष्ट्रांत वैर माजतें, याचें कारण कुमारप्पा येथेंच दाखवितात. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण एका दिवसाची भाकर मागतों, कोठाराची किल्ली मागत नाहीं, याची येथें आठवण होते.

निसर्गांतील प्राण्यांवरूनहि त्यांनीं माणसांच्या व्यवहाराच्या पांच पायऱ्या लाविल्या आहेत. बांडगूळ ज्या झाडावर वाढतें त्यालाच शोषून घेतें. माकड आंब्याच्या बागेंत शिरून आयतीं फळें खातें, पण बागेसाठीं कांहीं करीत नाहीं. मधमाशी फुलांतला रस नेते खरी, परंतु तिच्या येण्याजाण्यानेंच फलधारणा होते. म्हणजे ती घेतें त्याची भरपाईहि करिते. तीच माशी स्वतःपुरतें न पाहतां साऱ्या पोळ्यासाठीं खपते, ही चौथी पायरी. आणि पिलास भरविणारी आई कसलाच मोबदला मागत नाहीं, ही शेवटची. आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मगनवाडींत हा विचार कागदावरच राहिला नाहीं. तेथें घाण्याचें तेल, गूळ, हातकागद, मधुमक्षिकापालन यांचे प्रयोग चालत. तेथील एक दिवा विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्या काळीं खेड्यापाड्यांतून रॉकेलचा कंदील घरोघरीं जळे. मगनवाडीच्या मंडळींनीं रॉकेलऐवजीं वनस्पतींच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार केला. उजेड दोहोंचाहि उजेडच. पण हिशेब निराळा. रॉकेलचा पैसा गांवाबाहेर जाई, पुष्कळसा देशाबाहेरहि. गांवच्या तेलानें दिवा लावला म्हणजे शेतकऱ्याचें बी खपतें, तेल्याच्या घाण्यास काम मिळतें, पेंड उरते ती बैलास किंवा शेतास जाते, आणि पुढच्या हंगामांत तेंच बी पुन्हां उगवतें. वस्तू विकत घेतांना आपण तिच्यामागें कोणतें जग उभें करतों, हें पाहण्याची ही दृष्टि आहे. आज विजेमुळें तो दिवा मागें पडला. तथापि दर दोन वर्षांनीं नवा मोबाईल मागणाऱ्या मुलास, जुन्याचें काय होतें व नव्यांतील धातू कोठून येतात, हें विचारण्यास हरकत नसावी.

राहणीला उंच-नीच म्हणूं नये, साधी किंवा गुंतागुंतीची म्हणावें, असें त्यांचें सांगणें होतें. गुंतागुंत वाढली म्हणजे सुख वाढतेंच असें नाहीं. तांदळाचेंच पाहा. गिरणींत पांढराशुभ्र केलेला तांदूळ हातसडीच्या तांदळाहून दिसण्यांत उंची. पण त्या पांढरेपणासाठीं कोंड्याबरोबर त्यांतील जीवनसत्त्व टाकून द्यावें लागतें. अशा तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांस बेरीबेरीसारखा विकार जडतो, हें डच वैद्य आइकमान यांस जावा बेटांत आढळून आलें, व १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. उखळांत तांदूळ कोणी सडावयाचे? पहांटे उठून जातें ओढणाऱ्या व मुसळ चालविणाऱ्या आपल्या आज्यांना गिरणी आली तेव्हां सुटल्यासारखें वाटलें, त्यांत त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. साधेपणाचा भार घरांतील एकाच माणसाच्या हातांवर पडत असेल, तर तो साधेपणा इतरांस फुकटांत मिळालेला असतो. कुमारप्पांच्याच पायऱ्यांवर मोजलें तर तो माकडाच्या पायरीचा होय. म्हणून त्यांचीं सर्व मतें जशींच्या तशीं घ्यावीं असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय त्यांनीं भुकेचें कौतुक कधींहि केलें नाहीं. गुजरातेंतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करणाऱ्या माणसानें दारिद्र्य जवळून पाहिलेलें होतें, आणि पोटभर अन्न, वस्त्र व काम हीं प्रत्येकास मिळालींच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

स्वतः त्यांनीं लग्न केलें नाहीं, मालमत्ता जोडली नाहीं. उत्तरायुष्यांत ते तामिळ प्रांतांतील कल्लुपट्टी येथील आश्रमांत राहिले, आणि ३० जानेवारी १९६० रोजीं मदुरेस वारले. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें ग्रामोद्योगांचें मगन संग्रहालय मात्र वर्ध्यास आजहि उभें आहे. सहलीस सेवाग्राम पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तेथें एक तास अवश्य काढावा.