नवं हृदय चांगलं होतं, तरी थकलं का? : डॉ. पी. के. सेन

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे आजचा विषय आपल्या जळगाव जामोदच्या भाषेत सांगतो, म्हणजे विहीर आणि मोटरच्या भाषेत.

डिसेंबर १९६७. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय-प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या टीमनं तेच केलं. भारतातलं पहिलं, जगातलं सहावं! आणि हे काही बातमी वाचून घाईनं ठरलेलं नव्हतं. त्याआधी या टीमनं कुत्र्यांवर अनेक प्रयोग करून हात बसवला होता.

नवं हृदय धडधडलं. पण सुमारे तीन तासांत रुग्ण गेला. का?

आता मोटरकडे या. हृदयात दोन पंप असतात. डावा अख्ख्या शरीराला रक्त पुरवतो, उजवा फक्त फुप्फुसांना. डावा पंप बरेच दिवस कमजोर राहिला की रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांतला दाब वाढतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक होतात. जुन्या हृदयाचा उजवा पंप या वाढत्या दाबाशी थोडाफार जुळवून घेतो. दात्याच्या निरोगी हृदयाला मात्र ती सवयच नसते. उथळ विहिरीवरची चांगली मोटर काढून खोल बोअरवर बसवली तर? मोटर खराब नसते, पण पाणी चढवायची उंचीच तिच्या ताकदीबाहेरची असते. सेन यांच्या रुग्णाचं असंच झालं. त्यांनी त्याच वर्षी दुसरा प्रयत्न केला, तोही रुग्ण वाचला नाही.

पण सेन म्हणजे फक्त ही दोन ऑपरेशनं नव्हेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातून मिळतं. मग माणसाची धमनी तुंबली तर स्नायूला सुईनं बारीक छिद्रं पाडून तसंच रक्त देता येईल का? १९६५ मध्ये त्यांच्या टीमनं हा प्रयोग प्रसिद्ध केला. छिद्रं बुजायची, ही अडचण राहिली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी सुईऐवजी लेझर वापरून हीच कल्पना पुढे नेली. महाधमनीला सूज येऊन ती अरुंद होण्याच्या आजारावरही सेन, डॉ. किनरे, डॉ. परुळकर या मंडळींनी काम केलं.

१९६८ मध्ये आपल्याकडे ‘ब्रेन डेड’ला कायद्याची मान्यता नव्हती. शरीर नवा अवयव नाकारतं, त्यावरचं सायक्लोस्पोरिन हे औषधही ऐंशीच्या दशकात आलं. १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केलं.

आज प्रत्यारोपणाआधी उजव्या बाजूनं बारीक नळी घालून फुप्फुसांतला दाब मोजतात. तो फार वाढलेला असेल आणि औषधांनीही उतरत नसेल, तर नुसतं हृदय बदलायला डॉक्टर नाही म्हणू शकतात.

आता आपल्या कामाचं. घरात कुणाला चालताना धाप लागते, पायावर सूज येते, रात्री आडवं झालं की दम कोंडतो? “गॅस असेल”, “वय झालं”, “सोयाबीन निघालं की दाखवू” असं म्हणत महिने काढू नका. डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर इको करा. “पंपिंग कमी आहे” असं कळलं, तर गोळ्या मनानं बंद करू नका आणि मोठ्या हॉस्पिटलात कधी जायचं हे तेव्हाच विचारा. मोटर बदलता येते हो, पण पाइपलाइन पार कडक व्हायच्या आत पोहोचायला हवं.

एपिसोड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!