वाणांच्या चाचणीतला शेजार

तुरीच्या नव्या वाणांची चाचणी घेताना शेजारशेजारच्या प्लॉटांत वेगवेगळे वाण पेरले जातात आणि त्यांची झाडे ऊन, ओल व अन्नद्रव्ये एकमेकांकडून ओढून घेतात. शेतकऱ्याच्या सलग तुरीच्या रानात असे नसते. तिथे सगळीकडे एकच वाण उभा असतो. झाडाचा शेजारी त्याच्याच उंचीचा, त्याच्याच कालावधीचा. त्यामुळे चाचणीत दिसलेल्या उत्पादनातले वाणाचे स्वतःचे किती आणि शेजाऱ्याकडून घेतलेले किती, हे वेगळे काढल्याशिवाय निवडीला अर्थ येत नाही.

तुरीत ही अडचण विशेष मोठी आहे, कारण वाणांमधले अंतरच मोठे आहे. इक्रिसॅटचा आयसीपीएल ८७ ठेंगणा; शेंड्यावर फुलोरा आला की त्याची वाढ थांबते आणि साधारण चार महिन्यांत तो काढणीला येतो. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ सुमारे १५० ते १५५ दिवस घेतो, तर तिथलाच बीएसएमआर ७३६ सहा महिन्यांच्या जवळ जातो. असे कमी-जास्त कालावधीचे वाण शेजारी आले, की उंच वाणाची सावली ठेंगण्या वाणाच्या कडेच्या ओळीवर ऐन फुलोऱ्यात पडते. पुढे लवकर येणारा वाण कापला गेला, की मोकळ्या जागेतले ऊन आणि काळ्या जमिनीत उरलेली ओल उशिरा येणाऱ्याला मिळते, तीही नेमकी शेंगा भरताना. एकाचा तोटा आणि दुसऱ्याचा फायदा दोन्ही नोंदले जातात आणि दोन वाणांतला फरक असतो त्यापेक्षा मोठा दिसतो.

नांग्यांचाही असाच परिणाम होतो. मर रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची झाडे वाळली, तर शेजारची तूर फांद्या पसरून ती जागा व्यापते. शेजारी रोगट होता म्हणून वाढलेले हे उत्पादन निरोगी वाणाच्या नावावर जमा होते.

सर्वांत जास्त नुकसान निवडीच्या सुरुवातीच्या पिढ्यांत होते. तेव्हा बियाणे मूठभर असते, म्हणून एका वाणाला एकच ओळ मिळते आणि दोन्ही बाजूंना परके वाण येतात. आडवी पसरणारी जोमदार झाडे तिथे उठून दिसतात. आटोपशीर झाडे मागे पडून बाद होतात. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ सी. एम. डोनल्ड यांनी १९६८ मध्ये आदर्श पीक-रोपाची कल्पना मांडताना नेमके उलटे सांगितले होते: दाट पिकात भरपूर धान्य देणारे झाड शेजाऱ्याशी झगडण्यात दुबळे असावे. त्यांचे उदाहरण गव्हाचे होते, पण एकओळी प्लॉटांवर विसंबणाऱ्या प्रत्येक कडधान्य पैदासकाराने ते लक्षात ठेवायला हवे.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कडेच्या ओळी मोजणीतून वगळणे. ६० सेंटिमीटर अंतरावरच्या चार मीटर लांबीच्या चार ओळी पेरल्या, तर प्लॉट ९.६ चौरस मीटरचा होतो. बाहेरच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचे अर्धा-अर्धा मीटर सोडले, की मोजणीला ३.६ चौरस मीटर उरतात. एवढ्याशा जागेत ३६ ग्रॅमची चूक झाली, तरी हेक्टरी हिशेबात ती एक क्विंटल होते. दोन वाणांमध्ये निवड करताना एक क्विंटलचा फरक मुळीच किरकोळ नाही. उंची व कालावधीनुसार वाणांचे गट पाडून लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्यांच्या चाचण्या वेगळ्या घेतल्या, तरीही बराच दोष टळतो.

वाणांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, की पक्षपात जातो, शेजार मात्र राहतो. तीन पुनरावृत्त्यांत एका वाणाला फार तर सहा शेजारी लाभतात. ते बरे-वाईट समसमान येतील, असे धरता येत नाही. म्हणून संख्याशास्त्राची मदत घ्यावी लागते. ग्रीक कृषितज्ज्ञ पापाडाकिस यांनी १९३७ मध्ये शेजारच्या प्लॉटांवरून जमिनीच्या कसातला फरक काढण्याची रीत सांगितली. स्पर्धेला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. जमीन चांगली असेल तर दोन्ही शेजारी सोबत वाढतात. स्पर्धेत एकाच्या वाढीने दुसरा घटतो. हे दोन परिणाम एकमेकांना झाकतात, आणि शेजाऱ्याची उंची वेगळी नोंदल्याशिवाय त्यांची फोड होत नाही. इंग्लंडमध्ये केम्प्टन आणि लॉकवुड यांनी बाकल्याच्या चाचण्यांतील प्लॉटांमधल्या स्पर्धेचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी, १९७३ मध्ये, ग्रीसच्या फासुलास यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी सुचवली होती: झाडे इतकी दूर लावायची की एकाची दुसऱ्याला झळ लागूच नये. मात्र विरळ लागवडीत उत्तम ठरलेले झाड दाट पेरणीतही उत्तम ठरते का, हे पुन्हा तपासावेच लागते.

मराठवाडा-विदर्भात तूर बहुतेक वेळा सोयाबीनमध्ये आंतरपीक असते. तिथे तुरीचा शेजारी परका असतो, पण तो तुरीचा दुसरा वाण नसून सोयाबीन असतो. सुरुवातीला सावकाश वाढून सोयाबीन निघाल्यावर फांद्या टाकणारी तूर त्या पद्धतीत सरस ठरते. असा वाण निवडायचा, तर चाचणीही सोयाबीनच्या ओळींमध्येच घ्यायला हवी.