मंदीच्या काळात धंदा कसा तगतो?

मंदी म्हणजे मागणी आटण्याचा काळ, हे पाठ्यपुस्तकात आपण वाचतो. परंतु मंदीत बुडणारे सगळेच धंदे तोट्यातले नसतात. वहीत नफा दिसत असतानाही पगाराच्या दिवशी पेटीत रोकड नसते आणि धंदा कोसळतो. नफा आणि रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मंदीतील व्यवहाराचे मर्म याच भेदात आहे.

एक साधा हिशेब मांडू. एक कारखानदार रोज १०,००० रुपयांचा कच्चा माल घेतो. तो माल तयार होऊन विकला जाईपर्यंत ३० दिवस जातात. गिऱ्हाईक आणखी ६० दिवसांनी पैसे देते. माल पुरवणारा मात्र ३० दिवसांची उधारी देतो. म्हणजे कारखानदाराचा पैसा ६० दिवस, अर्थात ६ लाख रुपये, अडकून असतो. मंदी आली की माल ६० दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक ९० दिवस लावते आणि पुरवठादार रोख मागतो. आता १५० दिवसांचे १५ लाख अडकतात. वरचे ९ लाख आणायचे कोठून? बँकही नेमकी याच वेळी हात आखडता घेते.

तेव्हा शहाणा व्यावसायिक तीन गोष्टी करतो: साठा कमी करतो, उधारी नेटाने वसूल करतो आणि नवी यंत्रे, नव्या इमारती असे खर्च पुढे ढकलतो. कर्जाच्या हप्त्यांची मुदतही तो अडचण येण्यापूर्वीच वाढवून घेतो. कारण अडचणीत सापडलेल्याला बाजारात पत उरत नाही.

जपानमधील टोयोटा कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. युद्धोत्तर महागाई रोखण्यासाठी १९४९ मध्ये अमेरिकन बँकर जोसेफ डॉज यांच्या सल्ल्याने जपानने सरकारी खर्च व पतपुरवठा यांना कठोर लगाम घातला. महागाई थांबली, पण बाजारही थंडावला. टोयोटाने हप्त्यांवर विकलेल्या ट्रकांचे पैसे येईनात. कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. बँक ऑफ जपानच्या पुढाकाराने बँकांच्या गटाने कर्ज दिले, पण अटी घालून: विक्रीसाठी वेगळी कंपनी काढावी, खपेल तेवढेच उत्पादन करावे आणि नोकरकपात करावी.

एप्रिल १९५० मध्ये विक्री कंपनी स्थापन झाली. कपातीविरुद्ध कामगारांनी संप केला. अखेर सुमारे २,००० जणांना घरी जावे लागले आणि जून १९५० मध्ये अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियन युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याकडून ट्रकांच्या मागण्या आल्या आणि कंपनी सावरली. पुढे ‘हवे तेव्हा, हवे तेवढेच’ उत्पादन आणि भरपूर रोख शिल्लक ही टोयोटाची ओळखच बनली.

या कथेत दैवाचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. पण युद्धाच्या मागण्या येईपर्यंत कंपनी जिवंत राहिली ती वेळेवर मिळालेल्या कर्जामुळे आणि कामगारांनी मोजलेल्या किमतीमुळे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मंदीत वाचवलेला पैसा कोणाचा असतो? मोठा कारखाना लहान पुरवठादाराचे बिल थकवतो, तेव्हा त्याची रोकड वाढते आणि लहानाची चूल विझते. आपल्याकडे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र पुढचे काम हातचे जाईल या भीतीने लहान उद्योजक तक्रारीस कचरतो.

सारांश, मंदीची तयारी तेजीतच करायची असते. शेतकरी पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो, तद्वत चांगल्या दिवसांत काही महिन्यांच्या खर्चाएवढी रोकड बाजूला ठेवणारा व्यावसायिक स्वतः तगतो आणि आपल्या माणसांनाही तगवतो.