शंभर टक्के ब्लॉकेज, तरी चालत आला

राधानगरी-गगनबावड्याकडचा पेशंट अँजिओग्राफीसाठी कोल्हापुरात येतो. डॉक्टर सांगतात, 'हृदयाची उजवी रक्तवाहिनी शंभर टक्के बंद.' घरचे चक्रावतात. माणूस तर एसटीतून उतरून चालत आलाय! अ‍ॅटॅक कधी आला नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती तेवढी आवळते आणि जरा टेकलं की मोकळी होते.

उत्तर पडद्यावरच असतं. मनगटातून नळी सरकवून डाव्या रोहिणीत डाय सोडला की आधी डाव्या फांद्या काळ्या उमटतात. काही ठोक्यांनी बंद पडलेल्या उजव्या रोहिणीचं खालचं टोकही भरू लागतं, तेही उलट्या दिशेनं. दोन कप्प्यांमधल्या भिंतीतल्या बारीक, नागमोडी वाहिन्यांतून डावीकडचं रक्त तिथं पोचलेलं असतं. अशा जोडवाहिन्यांना कोलॅटरल म्हणतात. रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्यानं या रोहिण्या एकमेकींना जोडलेल्या असतात हे १६६९ मध्येच लिहिलं होतं; नंतर मात्र त्यावर बराच काळ वाद चालला.

हे जोड अनेकांत आधीपासूनच असतात, पण केसासारखे. मुख्य रोहिणी अरुंद झाली की पलीकडचा दाब उतरतो, जोडांतून रक्त जोरात ओढलं जातं आणि त्या घर्षणानं त्यांच्या भिंती नव्यानं बांधल्या जातात. याला आठवडे, महिने लागतात. म्हणूनच हळूहळू बंद पडलेली रोहिणी माणसाला वेळ देते. चाळिशीतल्या विडी-सिगारेटवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचा ब्लॉक निम्माच असतो, पण तो फुटतो आणि काही मिनिटांत गुठळी होते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आडवाटा काही रातोरात रुंद झाल्या नाहीत. या जोडांचंही तसंच, आणि रक्त थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरायला लागतो.

अर्थात सगळेच रिकाम्या हातांनी जन्मत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या डॉक्टरांनी चांगल्या रोहिण्या फुग्यानं मिनिटभर बंद करून पाहिल्या, तर चौघा-पाचांतल्या एकाच्या ईसीजीत काहीच फरक पडला नाही; त्याचे जोड आधीच पुरेसे होते.

मग आपल्या पेशंटची पायऱ्यांवर छाती का आवळते? हृदयाचा स्नायू बसल्या जागीच रक्तातला सत्तर टक्क्यांहून जास्त प्राणवायू काढून घेतो. श्रम वाढले की जास्त रक्त आणणं एवढाच मार्ग उरतो, आणि ते काम या बारीक वाटांना झेपत नाही.

देखरेखीखालच्या नियमित व्यायामानं कोलॅटरलचा प्रवाह वाढतो, असं दिसलं आहे. पायांना पट्टे बांधणाऱ्या यंत्रानं 'नैसर्गिक बायपास' करून देण्याच्या जाहिराती मात्र जपून वाचाव्यात. ते यंत्र खरं आहे, पण ते औषध आणि शस्त्रक्रिया दोन्हींनी न हटणाऱ्या दुखण्यासाठी. बायपासच्या बदली नव्हे.

जपानी डॉक्टरांनी याच वाटांचा वेगळा उपयोग केला. पुढून न उघडणाऱ्या ब्लॉकला ते कोलॅटरलमधून तार नेऊन मागून गाठतात. काम नाजूक, वाहिनी फाटली तर हृदयाभोवती रक्त साचतं. त्यामुळे पलीकडचा स्नायू जिवंत आहे का आणि गोळ्या घेऊनही त्रास उरतो का, हे आधी पाहिलं जातं.