घरच्या एकुलत्या एका फोनवर चाचणीचे बियाणे पेरू नका



कृषी विद्यापीठात नवे वाण तयार झाले म्हणून ते लगेच कृषी सेवा केंद्रात विक्रीला येत नाही. आधी ते विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पेरतात, मग निरनिराळ्या ठिकाणी चाचण्या घेतात, मग निवडक शेतकऱ्यांच्या शेतावर लावून पाहतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत छाननी होते आणि त्यानंतरच शिफारस होते. कोणत्या जमिनीत पीक लोळते, कोणत्या हवेत रोग धरतो, हे या काळात कळते.

आपल्या खिशातल्या मोबाइल फोनचेही अगदी असेच असते. तुमचा मुलगा किंवा मुलगी ‘बीटा टाकू या’ असे म्हणत असेल, तर आधी हे दोन घटका वाचा.

बीटा म्हणजे काय?

फोनचा पडदा, कॅमेरा, बॅटरी, निरनिराळी ॲप या सर्वांचा कारभार पाहणारी एक मूळ प्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडील बहुतेक फोनमध्ये अँड्रॉइड असते, तर आयफोनमध्ये आयओएस. दरवर्षी तिची नवी आवृत्ती निघते. पहिली चाचणी कंपनीच्या घरात होते, तिला अल्फा म्हणतात. नंतर बाहेरच्या लोकांच्या हाती देऊन जी चाचणी घेतात, ती बीटा. ही ग्रीक मुळाक्षरांतली पहिली दोन अक्षरे आहेत.

अँड्रॉइड १४ चे उदाहरण घ्या. त्याचा पहिला बीटा एप्रिल २०२३ मध्ये आला आणि पक्की आवृत्ती ४ ऑक्टोबर २०२३ रोजी. मधले सहा महिने दोष शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले. म्हणजे बीटा हे प्रसारित वाण नव्हे, चाचणीचे बियाणे आहे.

एका घरची गोष्ट

गेल्या खरिपात आमच्या भागातल्या एका घरी कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वडिलांच्या फोनवर रात्रीतून बीटा घातला. पडदा नवा दिसू लागला, पोर खूश झाले. सकाळी वडील बँकेचे ॲप उघडू लागले, तर ते उघडेना. शेतात जाऊन ई-पीक पाहणीसाठी सोयाबीनचा फोटो काढायला गेले, तर कॅमेरा सुरू होताच ॲप बंद पडू लागले. पाहणीच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

मुलाने घाईने जुनी आवृत्ती परत घातली. पण अशा वेळी फोन संपूर्ण पुसला जातो, हे त्याला ठाऊक नव्हते. दूध डेअरीच्या पावत्यांचे फोटो गेले, खत-औषधांच्या उधारीचा हिशेब गेला आणि त्याच वर्षी वारलेल्या आजीचे फोटोही गेले. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून शेजाऱ्याच्या फोनवर पीक पाहणी तरी उरकली. पोरावर कोणी हात उगारला नाही, पण दोन दिवस त्या घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

दोष मुलाच्या हौसेचा नव्हता. नवे करून पाहणारी पोरे गावाला हवीतच. चूक झाली ती एवढीच की, चाचणीचे बियाणे एका गुंठ्यात पेरायचे सोडून सगळ्या शिवारात पेरले.

करून पाहायचेच असेल तर

१) ज्यावर घरचा व्यवहार चालत नाही असा दुसरा फोन घ्यावा. बँक, ओटीपी आणि सरकारी नोंदी ज्या फोनवर येतात, त्याला हात लावू नये.

२) आपल्या फोनसाठी बीटा मिळतो का, हे आधी पाहावे. सर्वच फोनना तो मिळत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनसाठी कंपनीच्या अँड्रॉइड बीटा कार्यक्रमात नाव नोंदवावे लागते. सॅमसंगच्या काही फोनसाठी ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधून नोंदणी होते. आयफोनमध्ये नोंदणी केल्यावर सेटिंगमधील ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये बीटाचा पर्याय दिसतो.

३) फोटो, नंबर, व्हॉट्सॲप आणि हिशेब यांची प्रत आधीच दुसरीकडे काढून ठेवावी. आयफोन असल्यास ही प्रत संगणकावर जपून ठेवावी, कारण बीटावर काढलेली प्रत जुन्या आवृत्तीवर परत भरता येईलच असे नाही.

४) बॅटरी पूर्ण भरून, फोनमध्ये पुरेशी जागा करून, मगच सुरुवात करावी. मध्येच फोन बंद करू नये.

५) परतीची वाट आधी समजून घ्यावी. अँड्रॉइडचा बीटा मध्येच सोडून मागे आलात तर फोन पुसला जातो. पक्की आवृत्ती फोनमध्ये आल्यावर, पुढचा बीटा घेण्यापूर्वी नाव काढून घेतले तर पुसावा लागत नाही. म्हणून धीर धरावा.

६) आढळलेला दोष कंपनीला कळवावा. त्यासाठी वेगळे ॲप दिलेले असते. प्रात्यक्षिकाचा प्लॉट घेणारा शेतकरी वहीत नोंदी ठेवतो, तसेच हे काम आहे. नोंद न ठेवणाऱ्याने प्लॉट घेऊन उपयोग नाही.

आणखी एक धोका

कोणी व्हॉट्सॲपवर ‘नवीन अपडेट’, ‘पीएम किसान’ किंवा ‘बँक केवायसी’ असे नाव देऊन फाइल पाठवली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असे असेल, तर ती उघडू नका. तो बीटा नव्हे, चोर आहे. अशा फाइलमधून फोनचा ताबा घेऊन खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार झाले आहेत. मूळ प्रणालीचे खरे अपडेट फोनच्या सेटिंगमध्येच येते, निरोपातून येत नाही. सेटिंगमध्ये येणारे नेहमीचे पक्के अपडेट मात्र टाळू नये. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

माताभगिनींनो, बचत गटाचे पैसे आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचे निरोपही आता याच फोनवर येतात. म्हणून घरात एक नियम करावा : फोनमध्ये काही नवे घालायचे असेल, तर आधी घरात सांगायचे. बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी आपण तिच्यावरचे लेबल वाचतो ना? तीच सवय इथेही लावून घ्यावी. नवे वाण येऊ द्या, जरूर येऊ द्या. पण आधी गुंठाभर लावून पाहा, पीक पाहा, मग शिवार भरा.